तोबऱ्याला मागे, लगामाला पुढे

मैत्रिणींनो, कामचुकार माणसाला आपण पटकन म्हणतो, ‘तोबऱ्याला पुढे आणि लगामाला मागे.’ तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. पण इतिहास वाचायला घेतला की वाटतं, या म्हणीनं घोड्यावर अन्यायच केलाय. लढाईतल्या घोड्याच्या नशिबी नेमकं उलटं आलं.

आमच्या बीड जिल्ह्यातलंच घ्या. गेवराई तालुक्यातलं गोदाकाठचं राक्षसभुवन तुम्हांला शनीमुळे ठाऊक असेल. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथं थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम नदीपलीकडे उतरलेला, दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेनिशी अलीकडे, आणि गोदावरीला पूर! मदत येईना. विठ्ठल सुंदर मारला गेला. ही नावं पुस्तकांत आली, ती यायलाच हवीत. पण त्या वर्षी दोन्ही फौजा एकमेकींचा मुलूख लुटत फिरल्या, पुणंसुद्धा जळलं. ती सगळी दौड कुणाच्या पायांवर झाली? ऐन श्रावणाच्या चिखलात पाठीवर स्वार, खोगीर आणि हत्यारं घेऊन कोण उभं होतं? त्यांचं नाव कुठंच नाही.

घोडा तलवारीनंच मरतो असं आपल्याला वाटतं. खरं तर भुकेनं त्याचा जास्त घात केला. राक्षसभुवनाच्या आधी अडीच वर्षं, पानिपतावर वैरणीची वाट तुटली तेव्हा मराठ्यांची जनावरं उपाशी मेली. १४ जानेवारी १७६१ ला लढाईला उभी राहिली ती हाडं निघालेली घोडी.

हे दुखणं शिवाजी महाराजांनी केव्हाच ओळखलं होतं. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना त्यांनी लिहिलेलं पत्र जरूर वाचा. एखाद्या जाणत्या घरधनिणीनं बेगमीचा हिशेब सांगावा तसं ते आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं ते बजावतात. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी जाईल, हेही सांगतात. वैरण संपली की शिपाई कुणब्याच्या घरातून दाणे, भाकरी, गवत ओढून आणणार, ही त्यांची खरी काळजी. म्हणजे घोड्याचा तोबरा आणि गरिबाची चूल एकाच दाव्याला बांधलेली!

काळ बदलला, तरी घोड्याची सुटका झाली नाही. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. पहिल्या महायुद्धात या संस्थानाचे लान्सर्स जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांबरोबर पॅलेस्टाईनपर्यंत गेले. त्याच ब्रिगेडनं २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा घेतलं. त्या महायुद्धात सगळ्या बाजूंची मिळून सुमारे ८० लाख घोडी-खेचरं मेली. भूक, थंडी, आजार आणि थकवा यांनीच त्यांतली कितीतरी नेली. ऑस्ट्रेलियातून सव्वा लाखाहून जास्त घोडे युद्धावर गेले, आणि मायदेशी परत आला फक्त एक, सँडी नावाचा.

दिल्लीला गेलात तर तीन मूर्ती चौकातलं स्मारक निरखून बघा. १९२२ साली उभारलेलं हे स्मारक या तीन संस्थानांच्या स्वारांचं. हातात भाले घेतलेले तिघं उभे आहेत. पण घोडेस्वारांच्या या स्मारकात घोडा मात्र एकही नाही!

घोड्याला ना राज्य हवं होतं, ना जहागीर. कोण आपला, कोण परका, हेही त्याला कुणी विचारलं नाही. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी भरवतो, त्याचे कष्ट मानतो. दसऱ्याला ज्यांच्या दारी घोडं असेल, ते त्याला हळदकुंकू लावतात. पुढच्या दसऱ्याला मुलांना सोनं देताना लढाईची गोष्ट सांगाल, तेव्हा स्वाराबरोबर त्याच्या घोड्याचीही सांगा. आणि दारावरून लग्नाच्या वरातीचं किंवा टांग्याचं घोडं गेलं, तर बादलीभर पाणी आणि मूठभर भिजवलेले हरभरे त्याच्यापुढे ठेवायला काय हरकत आहे? तेवढा तोबरा तरी आपल्याकडे त्याचा थकलेला आहेच.