मिसिंग

“डिझेल आहे, थोडी थरथरणारच.” हे वाक्य मी त्या महिन्यात निदान पाच जणांकडून ऐकलं. त्यातले दोघं तर इंजिनचं झाकणही न उघडता बोलले होते.

गाडी बाबांची. साताऱ्यात टुरिस्ट परमिटवर चालते. 1.3 लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, 1 लाख 80 हजार किलोमीटर झालेले. हायवेवर काही तक्रार नाही, खंबाटकीचा घाटही मुकाट चढते. पण उभी राहिली की हादरे सुरू. स्टेअरिंग हातात नाचायचं, आतल्या आरशात मागची गाडी धूसर दिसायची. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो त्या आजी एकदा बाबांना म्हणाल्या, “पोटात ढवळतं रे बाबा, जरा बंद कर ना.” बंद केली तर एसी बंद, आणि तो मे महिना होता. बाबांनी गाडी बंद केली आणि दारं उघडी ठेवून हॉस्पिटलच्या आवारात उभे राहिले.

एका मोठ्या वर्कशॉपने कोटेशन दिलं: चारही इंजेक्टर बदला, साठ हजारांच्या वर. हप्ते नुकते कुठे फिटले होते. बाबा गाडी विकायची भाषा करायला लागले. विकून पुढे काय, हे कोणीच विचारलं नाही.

मला मात्र ती थरथर मोजता येईल असं वाटत होतं, आणि खरंच येते. आपलं इंजिन उभ्या उभ्या मिनिटाला साधारण 820 फेरे मारतं. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे चारही सिलिंडर नीट पेटत असतील तर सेकंदाला सुमारे 27 ठोके. एवढे जवळजवळचे ठोके इंजिनाखालचे रबरी फाउंडेशन बरेचसे पचवतात. पण एकच सिलिंडर ढिला पडला, तर त्याची उणीव सेकंदाला फक्त सहा-सात वेळा येते. हा संथ धक्का रबराला पचत नाही, तो थेट सीटपर्यंत पोचतो. डॅशबोर्डवर हात ठेवून मोजून बघा. बाबांच्या गाडीत तो संथच होता. गॅरेजच्या भाषेत याला म्हणतात, गाडी मिसिंग मारतेय.

मग पळताना का नाही कळत? कारण उभ्या गाडीत एका वेळी फवारलं जाणारं डिझेल अगदी काही मिलिग्रॅम असतं. त्यात जरा कमी पडलं तरी तो मोठा हिस्सा होतो. वेग वाढला की डिझेलही वाढतं, फ्लायव्हीलचा जोरही वाढतो, आणि उणीव झाकली जाते.

शेवटी एमआयडीसीजवळच्या एका मिस्त्रींकडे गेलो. बोलणं कमी, हात स्वच्छ (गॅरेजमध्ये ही गोष्ट मला नेहमीच विश्वासाची वाटते). त्यांनी आधी क्लच दाबायला लावला. आवाजात फरक नाही, म्हणजे फ्लायव्हीलवर शंका कमी. ईजीआर व्हॉल्व्ह काढून पाहिला: काजळी होती, पण बंद नीट होत होता. मग स्कॅनर लावला. गाडीचा कॉम्प्युटर क्रँकचा वेग क्षणाक्षणाला बघतो आणि जो सिलिंडर मागे पडतो त्याला जास्त डिझेल देतो. 3 नंबरला तो भरभरून देत होता, बाकीच्यांचं कापत होता.

“मग 3 नंबरचा इंजेक्टर ना?” मी विचारलं.

“ताई, हे कोण आजारी आहे ते सांगतं. काय झालंय ते नाही सांगत.”

हे मला पटलं. कॉम्प्रेशन कमी असलं तरी स्कॅनरवर हेच आकडे दिसतील, आणि मग नवा इंजेक्टर घालून पैसे पाण्यात. म्हणून ग्लो प्लग काढून त्या भोकातून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चौघांचं जवळपास सारखं.

पुढचं काम सगळ्यात स्वस्त होतं. मेडिकलमधून सलाइनच्या चार नळ्या, पाण्याच्या चार लहान बाटल्या. प्रत्येक इंजेक्टर वापरून उरलेलं थोडं डिझेल टाकीकडे परत पाठवतो. ती रिटर्नची पाइप काढून तिथे नळी लावायची, इंजिन तीन मिनिटं चालू ठेवायचं. तीन बाटल्यांत तळ झाकण्यापुरतं डिझेल. तिसऱ्या बाटलीत दुपटीहून जास्त. आतला व्हॉल्व्ह झिजला होता, डिझेल सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी मागे पळत होतं.

इथे एक सांगते. जुन्या डिझेल गाड्यांत चालू इंजिनवर एकेका पाइपचा नट ढिला करून मिसिंग शोधायचे. कॉमन रेलवर हे करू नका. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. या पाइपमध्ये उभ्या गाडीतही अडीचशे-तीनशे बार. ती धार कातडीत शिरते. मिस्त्री नट सोडा, त्या पाइपजवळ बोटही नेत नव्हते.

एकच इंजेक्टर बदलला. खाली नवा कॉपर वॉशर, आणि इंजेक्टरवर छापलेला कोड कॉम्प्युटरमध्ये भरला, कारण प्रत्येकाचा फवारा किंचित वेगळा असतो. मजुरी धरून सतरा हजार. बाबांनी जुना इंजेक्टर मागून घेतला आणि कागदात गुंडाळून डिकीत ठेवला.

“दादा, एक फाउंडेशन पण चिरलंय,” मिस्त्री म्हणाले. “घाई नाही.”

त्यामुळे एसी लावला की अजून थोडी थरथर आहे. ते काम दिवाळीनंतर. आजी आता परतीच्या वाटेवर वाढे फाट्यापर्यंत झोपतात.