डोळे मिटून फिरव

सिम्युलेटरच्या कॉकपिटमधला नॉब माउसने फिरला की माझं समाधान व्हायचं. शेजारच्या काकांचं व्हायचं नाही. आधी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर, निवृत्तीनंतर एका फ्लाइंग क्लबात. सेस्ना 172चं पॅनेल त्यांना तोंडपाठ, संगणकाशी मात्र उभा दावा.

फ्लाइटगिअर या मुक्त सिम्युलेटरमध्ये नॉब म्हणजे एक्सएमएल फाइलीतल्या काही ओळी: कोणती वस्तू, कोणत्या अक्षाभोवती, एका क्लिकला किती, कुठून कुठपर्यंत. मी त्या लिहायचो, काका मागे खुर्ची ओढून बसायचे. एकदा त्यांनी बाद झालेला अल्टिमीटर माझ्या हातात ठेवला. "डोळे मिटून फिरव. बोटांना काय कळतंय?" नॉब जड नव्हता, पण सैलही नव्हता, चिमटीत धरून किंचितच फिरत होता. डोळे उघडले तर खिडकीतला दाबाचा आकडा जेमतेम हललेला आणि काटा मात्र चांगलाच सरकलेला. पाऱ्याचा शतांश इंच म्हणजे जवळपास दहा फूट, हे वाचलेलं होतं. हाताला पटलं ते तेव्हा. फाइलीत एका क्लिकला 0.01 लिहिलं, शिफ्ट दाबून दसपट.

हेडिंगचा नॉब 359 नंतर पुन्हा शून्यावर यावा, रेडिओच्या आवाजाचा टोकाला अडावा. त्यासाठी 'रॅप' चालू की बंद, एवढंच लिहायचं असतं. काकांच्या लेखी तो शिस्तीचा प्रश्न. "अडायचं तिथं अडलं नाही तर हाताला भलती सवय लागते रे."

खरं भांडण स्लायडरवरून झालं. काळा थ्रॉटल आणि लाल मिक्स्चर आत ढकलायचे, बाहेर ओढायचे. पण सपाट पडद्यावर बाहेर म्हणजे कुठे? मी आडव्या ड्रॅगवर अडून होतो. काका म्हणाले, "ओढणं म्हणजे आपल्याकडे. माउसही आपल्याकडेच आला पाहिजे." तेव्हापासून माझा प्रत्येक असा दांडा उभ्या ड्रॅगवर चालतो. फाइलीत त्यांचं नाव घालतो म्हटलं तर खेकसले, "नाव कसलं घालतोस? मिक्स्चर पूर्ण ओढल्यावर इंजिन बंद पडतं का ते बघ."

पडत होतं. तरी ते खूश नव्हते. खऱ्या मिक्स्चरला बारीक फरकासाठी पिळतात आणि टोकाची गुंडी दाबून एकदम ओढतात. एका माउसने दोन्ही कसं करायचं, यावर आमचं एकमत होण्याआधीच काका गेले. आता पिळण्याचं काम मी माउसच्या चाकाकडे दिलंय, ओढण्याचं ड्रॅगकडे. गुंडीचं मात्र अजून जमलेलं नाही.