११६ व्या रस्त्यावरचे पीळ

बडोद्याहून कुणी न्यूयॉर्कला निघालं की स्वातंत्र्यदेवी, टाइम्स स्क्वेअर आणि जमलं तर नायगारा, हा बेत ठरलेला असतो. त्यात मी एका रस्त्याची भर घालायला सांगेन : मॅनहॅटनचा ११६ वा रस्ता. त्याच्या पश्चिमेकडच्या भागात, उंचावर, कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ साली आपल्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर शिकायला आले ते इथेच. बडोदेकरांना एवढं कारण पुरे. आम्ही मात्र गेलो होतो त्याच रस्त्याच्या खालच्या भागात, हार्लेममध्ये, आणि काम होतं एका सात वर्षांच्या मुलीच्या केसांचं.

ताईचे यजमान सेनेगलचे, डाकारचे. ताईच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आई आणि मी गेल्या वर्षी सप्टेंबरात तिकडे गेलो. भाचीचे केस वडिलांवर गेलेत. बारीक, घट्ट वळ्यांचे, अगदी पेनातल्या स्प्रिंगसारखे. एक बट ओढून धरली तर खांद्याला टेकते, सोडली की टुणकन कानापाशी. एरवी तिची आत्या दर दोन आठवड्यांनी हे केस धुऊन त्यांचे पीळ घालते. तिकडे याला ट्विस्ट म्हणतात. आत्या नेमकी डाकारला गेलेली, आणि ताईला तीन-चार तास उभं राहणं शक्य नव्हतं.

आईने पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कंगवा हातात घेतला. कोरडे केस, बारीक दातांचा कंगवा, वरून खाली. कंगव्याचे दोन दात तुटले आणि भाची रडत न्हाणीघरात जाऊन बसली. मग आईने जाहीर केलं की, बारशाला सगळं बडोदं व्हिडिओवर बघणार, तेव्हा एकदा मशीनने सरळ करून घ्या, हे पिंजारलेलं डोकं नको. आईच्या मनात वाईट काही नसतं. शाळेत असताना माझ्या कुरळ्या केसांवरही तिने वाटीभर खोबरेल ओतून, डोळे ताणले जातील अशा दोन वेण्या घातल्या आहेत. पण भाचीला मराठी पूर्ण समजतं. दुसऱ्या दिवसापासून ती घरातही लोकरीची टोपी घालून बसू लागली. रात्री मला म्हणाली, "मावशी, आजीला फक्त बाळच आवडणार का?"

म्हणून शनिवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. भाऊजींच्या ओळखीच्या एक सेनेगली बाई ११६ व्या रस्त्यावर केस विणण्याच्या दुकानात काम करतात. आईला आधी कोलंबिया बघायचं होतं. बाहेरूनच नमस्कार झाला. तिथून पूर्वेकडे दोन मिनिटं चाललं की रस्ता एकदम संपतो आणि समोर कडा येतो. हा मॉर्निंगसाइड पार्क. दगडी पायऱ्यांनी खाली उतरायचं, झाडांतून पलीकडे निघायचं, की तोच ११६ वा रस्ता पुन्हा सुरू. वर विद्यापीठ, खाली हार्लेम, मध्ये एवढ्याच पायऱ्या. आई गुडघे सांभाळत उतरली आणि म्हणाली, "पावागढ बरा."

खालच्या या भागाला लिटल सेनेगल म्हणतात. दुकानांवर फ्रेंच पाट्या, फुटपाथवर वोलोफ भाषेतल्या मोठमोठ्या गप्पा, खानावळीतून मासे-भाताचा, म्हणजे चेबू जेनचा वास. पुढे माल्कम शबाझ मशिदीचा हिरवा घुमट आणि त्याच्या पुढे आफ्रिकी कापडाचा बाजार. आणि जिकडे बघावं तिकडे केस! पीळ, वेण्या, जटा, डोक्यालगत शेतातल्या सऱ्यांसारख्या घातलेल्या बारीक रेघा. भाचीने पहिल्याच चौकात टोपी काढून माझ्या पर्समध्ये कोंबली. कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "असे केस मी रतनपूरला पाहिलेत." बरोबरच आहे. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ बावा गोरचा दर्गा आहे, तिथले सिद्दी मूळ आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या कितीतरी पिढ्या गुजरातेत गेल्या आहेत आणि ते गुजराती बोलतात. बडोद्यापासून हे काही फार लांब नाही. आपणच तिकडे जात नाही.

दुकानात बाईंनी आधी मला केस समजावून सांगितला. या केसाचा छेद गोल नसतो, चपटा असतो, आणि मुळापासूनच तो वळत वाढतो. डोक्याच्या त्वचेचं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं. इथे ते वळणावळणाला अडतं. म्हणून टोकं कोरडी, आणि कोरडी म्हणून तुटकी. तेव्हा पहिला नियम, कोरड्या केसाला कंगवा लावायचा नाही. केस धुवायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या फणीने गुंता काढायचा, तोही टोकाकडून मुळाकडे.

मग डोक्याचे चार भाग करून चिमटे लावले. ओलसर केसांना क्रीम, त्यावर शिया बटर. पश्चिम आफ्रिकेत होणाऱ्या एका झाडाच्या बियांतून निघणारं हे तूप. दिसतंही थिजलेल्या तुपासारखंच. एक छोटा चौकोन पाडायचा, त्यातल्या केसांचे दोन पेड करायचे. वेणीला तीन लागतात, इथे दोनच. प्रत्येक पेडाला उजवीकडे पीळ द्यायचा आणि मग दोन्ही पेड एकमेकांवर डावीकडे गुंडाळत टोकापर्यंत न्यायचे. पीळ एका बाजूला आणि गुंडाळी उलट्या बाजूला, म्हणून ते सुटत नाही. दोरखंडही याच रीतीने वळतात. शेवटचं टोक बोटावर गुंडाळून सोडलं की आपोआप वळी पडते.

अर्धं डोकं बाईंनी केलं, उरलेलं मला करायला लावलं. कपाळाजवळ मी जोर लावला की त्या माझ्या मनगटावर टिचकी मारत. तिथले केस नाजूक. वर्षानुवर्षं ताणले तर कायमचे जातात. (आईकडे मी मुद्दाम बघितलं.) रात्री साटिनची टोपी हवी, कारण सुती अभ्रा तेल शोषतो आणि केस घासले जातात. हे पीळ आठ-पंधरा दिवस राहतात. नंतर पूर्ण वाळलेले असतानाच, बोटांना तेल लावून हळूहळू सोडवले तर छान लाटांचे केस मोकळे मिळतात.

आईचं लक्ष भिंतीकडे होतं. तिथे जोडकेसांची पाकिटं टांगलेली, काही कृत्रिम धाग्याची, काही माणसाच्या केसांची. त्यातल्या दोन-तीनांवर चक्क इंडियन असं लिहिलेलं. तिरुमलाला भाविक अर्पण करतात ते केस देवस्थान लिलावात विकतं आणि ते जगभर जातात, हे मी तिला सांगितलं. आई बराच वेळ ते पाकीट हातात घेऊन होती. तिच्या धाकट्या जाऊबाईंचा नवस होता तिरुपतीचा.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच वर १३६ व्या रस्त्यापर्यंत चालत गेले. तिथे आज सार्वजनिक ग्रंथालय आहे. पूर्वी तिथे मॅडम सी. जे. वॉकर यांचं घर आणि केशभूषेचं दुकान होतं. १८६७ साली लुइझियानात, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेली ही बाई. कपडे धुऊन पोट भरणारी, आणि पुढे काळ्या स्त्रियांच्या केसांसाठी औषधी मलम विकून श्रीमंत झालेली. त्यांच्या पद्धतीत तापवलेली फणीही होती, त्यामुळे काळ्या बायकांना केस सरळ करायला शिकवलं असा ठपका त्यांच्यावर अजून येतो. मला तो अर्धाच पटतो. सरळ केसांशिवाय नोकरी न देणाऱ्यांना कोण विचारणार? न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने २०१९ च्या फेब्रुवारीत स्पष्ट केलं की, शाळेत किंवा कामावर अशा नैसर्गिक केसांना, पिळांना, जटांना बंदी घालणं हा वंशभेद आहे. त्याच वर्षी जुलैत राज्याने तसा कायदाही केला. आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. "केसांसाठी कायदा?"

ऑक्टोबरात बाळ आलं. बारशाच्या आदल्या दिवशी केस पुन्हा करायची वेळ झाली तेव्हा मी भाचीला खाली बसवलं, आणि तासाभराने आई न बोलता दुसऱ्या बाजूला येऊन बसली. चाळीस वर्षं देवाच्या वाती वळलेली बोटं ती. पहिला पीळ सुटला, दुसरा जरा सैल पडला, तिसऱ्यापासून माझ्यापेक्षा भरभर. "पाण्याचं बोट लाव," भाची मधूनच आजीला शिकवत होती. एकूण ३४ पीळ झाले. टोकांना तिने स्वतः निवडलेले पिवळे आणि जांभळे मणी.

बारशाला आत्या डाकारहून परत आली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचाच. ते तिने ताईकडून तीनदा पाठ करून घेतलं. व्हिडिओवर दांडिया बाजारची सगळी मंडळी होती. भाची पाळण्यावर वाकली की मणी दांड्यावर टकटक वाजत. सगळं आटोपल्यावर आत्याने सवयीने तिच्या डोक्यावरून बोटं फिरवली, कानामागचा एक पीळ सोडला आणि पुन्हा घातला. आई शेजारी उभी राहून बघत होती. तिने ताईला हाक मारली, "तिला सांग, पुन्हा एकदा दाखव. जरा सावकाश."