अनोळखी रुग्णांचे देणे



तुम्ही हे वाचत असतानाही आपल्या शरीरात कितीतरी पेशींची विभागणी चालू आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. विभागणीआधी प्रत्येकाची हुबेहूब प्रत तयार होते आणि दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून राहतात. मग दोन बाजूंनी आलेले बारीक धागे त्या जोडीला पकडतात व एकेकीला आपल्या बाजूला ओढून नेतात. पकडण्याची जागा ठरलेली असते. तिला सेंट्रोमियर म्हणतात. तिथली पकड चुकली, तर एका पेशीत गुणसूत्र जास्त जाते आणि दुसरीत कमी पडते.

डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. सेंट्रोमियरच्या काही रिळांत नेहमीच्या एका हिस्टोनऐवजी 'सेन्प-ए' हे प्रथिन असते. तीच त्या जागेची खूण. त्या खुणेवर १६ प्रथिनांचे संकुल बसते आणि त्याच्या आधाराने ओढणाऱ्या धाग्यांना धरणारी प्रथिने उभी राहतात. २०२२ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड बारफर्ड यांच्या गटाने गोठवलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रे घेऊन या संकुलाची घडण दाखवली. ही प्रथिने डीएनएला नुसती टेकलेली नसतात, बोगद्यासारखी त्याच्याभोवती बसून त्याला धरून ठेवतात.

पण या प्रथिनांचा माग लागला तो आजारी माणसांमुळे. स्क्लेरोडर्मा या आजारात कातडी कडक होते, बोटे आखडतात, थंडीत पांढरी-निळी पडतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. १९८० साली अशा काही रुग्णांच्या रक्तात सेंट्रोमियरला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. १९८५ साली विल्यम अर्नशॉ आणि नेओमी रॉथफिल्ड यांनी त्याच प्रतिपिंडांच्या मदतीने तिथली तीन प्रथिने ओळखली. त्यांतलेच एक सेन्प-ए.

आम्ही स्वयंसेवक आजाऱ्यांना भेटायला जातो, त्यांत हाच आजार असलेल्या एक मावशी आहेत. जपमाळेचे मणीही आता त्यांच्या बोटांना नीट सापडत नाहीत. एकदा त्या म्हणाल्या, "माझ्या या दुखण्याचा कुणाला काय उपयोग, बाळांनो?" आम्ही त्यांना त्या रक्ताची हकिगत सांगितली. त्या बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्यापैकी कुणालातरी माझ्यासारखंच दुखत होतं."

विज्ञानाला शोध लागावा म्हणून देवाने कुणाला आजारी पाडले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मावशींनाही तसे सांगितले नाही. दुखणे हे दुखणेच. तरी त्या रुग्णांनी रक्त दिले, त्यातून आपल्या सर्वांच्या शरीरातले एक गूढ उलगडले, आणि त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. संत पौलाने ख्रिस्तसभेला शरीराची उपमा दिली, तेव्हा दुबळ्या वाटणाऱ्या अवयवांना मानाची जागा दिली. आजाऱ्यांच्या भेटीला आम्ही आता नुसते काही द्यायला जात नाही. त्यांच्याकडून घ्यायलाही जातो.

येत्या रविवारी मिस्सेतील मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्या अनोळखी रुग्णांसाठी एक विनंती ठेवणार आहोत. ती वाचायला मावशींनी होकार दिला आहे. तुम्हीही या.