अँटवर्पची नाइटिंगेल बाग

बेल्जियममधील अँटवर्प हे नाव आपल्या समाजात हिऱ्यांच्या बाजाराशी जोडलेले आहे. मध्यवर्ती रेल्वेस्थानकाजवळच्या होव्हेनियर्सस्ट्राट या लहानशा रस्त्यावर या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. पालनपूरकडील अनेक जैन कुटुंबे या व्यवसायानिमित्त तेथे गेली आणि तेथेच स्थिरावली. 'होव्हेनियर' या डच शब्दाचा अर्थ माळी. माळ्यांच्या नावाच्या या रस्त्यावर आज हिऱ्यांच्या पुड्या उलगडल्या जातात. झाडे पाहायची तर शहराच्या दक्षिणेला यावे लागते. २०१० साली जेथे संगमरवरी जिनमंदिराची प्रतिष्ठा झाली, त्या विलराइक उपनगराच्या सीमेवर नाइटिंगेल पक्ष्याच्या नावाची विस्तीर्ण बाग आहे.

गेल्या जूनमध्ये भाचीच्या घरी पंधरा दिवस मुक्काम होता. तिच्या घरी चौविहाराचा नियम आहे. डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळचे भोजन पेढीवरच उरकावे लागते. जूनमध्ये सूर्यास्त होतो रात्री दहाच्या आसपास. सात वाजता जेवण आटोपले तरी तीन तासांचा उजेड हाताशी उरतो. त्या उजेडात भाचीच्या सासू-सासऱ्यांसमवेत रोज बागेत जाणे होई.

बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येणारे ताटवे आणि कारंजी येथे अभावानेच आहेत. मुख्यतः आहेत ते उंच वृक्ष. बीचचे राखाडी, गुळगुळीत बुंधे हत्तीच्या पायांसारखे भासतात आणि वरची पालवी इतकी दाट असते की हलकी सर आली तरी वाट कोरडी राहते. पाऊस थांबला की कवच नसलेल्या तपकिरी गोगलगायी वाट ओलांडू लागतात. विहीणबाई चार हात भूमी न्याहाळत पाऊल टाकीत, त्यामुळे आमची चाल आपोआपच संथ होई. व्याही आयुष्यभर हिऱ्यांचे काम केलेले. एकदा ते म्हणाले, "भाईसाहेब, पेढीवर दिवसभर भिंग डोळ्याला लावून जवळचंच पाहायचं. लांबचं पाहायला मी इथे येतो."

बागेच्या एका भागात, मिडलहाइम येथे, १९५० पासून शिल्पांचे खुले संग्रहालय आहे. रोदँचा बाल्झाक, हेन्री मूर यांचे बाकावर बसलेले राजा-राणी झाडांच्या सान्निध्यात उभे आहेत. प्रवेशशुल्क नाही. दुसऱ्या भागात दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने बांधलेले काँक्रीटचे बंकर आहेत.

या स्थळाचा पूर्वेतिहास मात्र आपल्यासारख्या व्यापारी घराण्यांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. ही एक बाग नाही. फोखेलेनझांग, डेन ब्रांट आणि मिडलहाइम अशा तीन जुन्या मालमत्ता मिळून ती झाली आहे. बंदरातील व्यापाराने श्रीमंत झालेली कुटुंबे शहराबाहेर असे बंगले बांधीत, उन्हाळ्यात तेथे राहत आणि सभोवती झाडे लावीत. पुढे शहर वाढले, जमिनीचे भाव चढले आणि या जागांचे भूखंड पाडून विक्री होण्याची वेळ आली. तेव्हा, १९१० च्या सुमारास, नगरपालिकेने त्या विकत घेतल्या. म्हणजे मालकांनी दान केले असे नव्हे. शहराने मोल मोजले. त्या घराण्यांची नावे आज तेथे फिरणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असतील. सावली मात्र सर्वांना मिळते आहे.

हे ऐकताना आमच्या गावाबाहेरच्या मळ्याची आठवण होणे स्वाभाविक होते. आजोबांनी लावलेली चिंचेची अकरा झाडे तेथे आहेत. बाजाराच्या दिवशी शेतकरी त्यांच्याखाली बैल सोडीत. आता टेम्पो उभे राहतात, माणसे भाकरी सोडतात. रस्ता रुंद झाल्यापासून मळ्याचे भूखंड पाडण्याची बोलणी चालू आहेत आणि नकाशाही तयार आहे. भावांची मुले शिकत आहेत, एकाच्या दुकानावर कर्ज आहे. विक्रीला नाही म्हणण्याचा अधिकार मला एकट्याला नाही, आणि तसे म्हणणे न्याय्यही होणार नाही.

परंतु सगळा मळा आणि काहीच नाही, यांच्यामध्येही एक वाट असते. परिग्रहाचे परिमाण ठरवायला आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. ते केवळ सोन्या-रुप्यापुरते असावे असे नाही. दिवाळीत सर्व भाऊ एकत्र बसतील, तेव्हा चिंचांखालची जागा नकाशातून वगळून गावाच्या नावे करावी, असे मी सुचवणार आहे. तेवढ्या तुकड्याची आजच्या दराने किंमत किती आणि प्रत्येकाच्या वाट्यातून किती रक्कम कमी होईल, हेही कागदावर मांडून नेणार आहे. व्यापाऱ्याच्या घरात दानाची गोष्ट काढायची, तर आधी आकडा सांगावा लागतो.