मृतांचे वजन

भयपट पाहणे हा प्रौढ माणसाला शोभणारा छंद नव्हे, याविषयी आमच्या घरात एकमत आहे. आम्ही तो गेली कित्येक वर्षे निष्ठेने जोपासला आहे. त्यातही आमचा विशेष लोभ झोंबीपटांवर, म्हणजे मेलेली माणसे उठून चालू लागतात अशा चित्रपटांवर. त्यांच्या रसिकांत एक जुना वाद आहे. हा चालता मुडदा रंग, रबर आणि हाडामांसाचा नट यांतून उभा करावा, की संगणकावर चितारावा? वरवर पाहता हा कारागिरीचा प्रश्न. आम्हाला मात्र तो त्याहून खोलवरचा वाटतो.

हाताने घडवलेले भय आपल्याला परके नाही. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सैरंध्री’ काढला (१९२०), तेव्हा त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षागृहात काहींना घेरी आली, असे सांगतात. पुढे त्या दृश्याला कात्री लागली. पडद्यावर एक देह होता आणि त्याचे काही भयंकर होत होते. तेवढे पुरेसे होते.

झोंबीपटाचा आजचा साचा अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांनी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (१९६८) घडवला. पैसा बेताचा. चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक चालून गेला. मुडदे म्हणून पेनसिल्व्हेनियातली आसपासचीच माणसे उभी राहिली. दहा वर्षांनी ‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) आला. त्याची रंगभूषा करणारे टॉम सॅव्हिनी व्हिएतनाम युद्धात सैन्याचे छायाचित्रकार होते. छिन्नविच्छिन्न देह त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. आणि तरीही त्या चित्रपटातले राखी चेहरे पडद्यावर निळसर दिसतात, रक्त तर उघड उघड रंगाच्या डब्यातले वाटते. हातकामाचे भाबडे भक्त हे दोष झाकतात. ते झाकण्याचे कारण नाही. कारण त्या निळसर चेहऱ्यांच्या गर्दीत एक परिचारिका आहे, एक मठवासी भगिनी आहे, आणि ही सारी मेलेली मंडळी एका मोठ्या बाजारसंकुलात सवयीने फिरत आहेत. ती कोण होती, हे आपल्याला कळते. भीती तिथे आहे.

आता ‘वर्ल्ड वॉर झेड’ (२०१३) घ्या. जेरुसलेमच्या तटावर मुडद्यांचा लोंढा एकमेकांच्या अंगावरून चढत जातो. मुंग्यांची रास पाहावी तसे ते दृश्य. संगणकाविना ते साधले नसते, आणि आम्हीही ते डोळे विस्फारून पाहिले. मात्र त्या हजारोंपैकी एकही चेहरा आज स्मरत नाही. ते वादळ होते, पूर होता. पुरात थेंबाला नाव नसते. शिवाय त्या देहांना भार नव्हता. ते उंचावरून कोसळत, आणि पडण्याचा आघात आपल्या छातीपर्यंत पोहोचत नसे.

म्हणून संगणक दोषी, असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. ‘द वॉकिंग डेड’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्याच भागात (२०१०) कमरेखालचा देह उरलेला नाही अशी एक मृत स्त्री गवतावरून हातांनी सरपटते. तिची रंगभूषा ग्रेग निकोटेरो यांच्या हाताखाली झाली. निकोटेरो हे सॅव्हिनींच्याच तालमीतले. अभिनेत्रीच्या पायांवर निळे वस्त्र चढवले होते आणि मागाहून संगणकाने ते पाय पुसून टाकले. येथे यंत्राने काही रचले नाही, फक्त वजा केले. डोळे तिचेच राहिले, गवतात रुतणारी बोटे तिचीच राहिली. कथेचा नायक तिच्याजवळ परत येतो, गुडघे टेकतो, तिची अशी दशा झाल्याचे दुःख व्यक्त करतो आणि मगच गोळी झाडतो. त्या लोंढ्यातल्या कोणापुढे गुडघे टेकावेत, असे कोणाला वाटले असते काय?

आमच्या मते वादाचा निकाल येथे लागतो. साधन कोणतेही असो, मुडद्यात पूर्वीचा माणूस शिल्लक राहिला पाहिजे. तो राहिला तर भयाच्या पोटात करुणा जन्मते. तो पुसला गेला की उरते ते केवळ लक्ष्य. आणि मृतांकडे लक्ष्य म्हणून पाहण्याची सवय डोळ्यांना लागली, तर ती चित्रपटगृहातच सोडून येता येईल, अशी खात्री आम्हाला नाही. युद्धांची चित्रे आता त्याच आकाराच्या पडद्यांवर, त्याच बैठकीच्या खोलीत येतात.

ज्यांनी आपल्या माणसांना खांदा दिला आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. आजारपणात काडीसारखा झालेला देहही तिरडीवर जड लागतो. पडद्यावरच्या मृतांकडून आमची अपेक्षा एवढीच, की त्यांनीही थोडे जड असावे.