यादीतलं नाव

मंडळाच्या अंकाला दरवेळी मी कविता देते, यंदा मात्र एका निकालाबद्दल लिहितेय. राज्यशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी केनियातला हा निकाल हाती लागला आणि डोक्यातून जाईना.

फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी काउंटी कमिशनरांना आदेश दिला: एचआयव्ही असलेल्या शाळकरी मुलांची आणि त्यांच्या पालकांची माहिती गोळा करा, किती गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना एचआयव्ही आहे, तेही कळवा. मदत पोचवायची तर आकडे लागणारच, हे मला मान्य. पण आकडा वेगळा आणि नाव वेगळं. शिवाय दवाखान्यातली गोष्ट आता प्रशासनाच्या टेबलावर जाणार होती.

मला खटकलं ते हे, की मुलांखालोखाल यादीत बायकाच का? गरोदरपणी तपासणीला बाई जाते, रक्त तिचं घेतात, म्हणून आजार बहुधा आधी तिच्या नावावर लिहिला जातो. नवऱ्याची तपासणी झालेलीच नसेल तर तो कागदावर निरोगी! मग घरात आजार आणला कुणी, याचं उत्तर शेजारीपाजारी त्या कागदावरूनच देणार.

आपल्याकडे फार वेगळं आहे असं नाही. ताईच्या बाळंतपणात दवाखान्याच्या फॉर्मवर मोबाईल नंबर दाजींचा होता. रिपोर्ट आधी दाजींना, मग सासूबाईंना आणि शेवटी ताईला. दाजी स्वभावाने चांगले, म्हणून निभावलं. सगळ्यांचे दाजी तसे नसतात.

केनियात केलिन ही संस्था आणि आणखी काही जण कोर्टात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये हायकोर्टानं तो आदेश घटनाबाह्य ठरवला. आधार घेतला २०१० च्या राज्यघटनेतल्या ३१ व्या कलमाचा. माणसाच्या घरच्या आणि खासगी गोष्टी विनाकारण विचारू नयेत, उघड करू नयेत, असं ते सांगतं. जमा झालेल्या माहितीत नावांऐवजी संकेत वापरा, नाव आणि आजार जुळता कामा नये, असंही कोर्टानं बजावलं. मुदत ४५ दिवसांची.

पुढे २०१९ मध्ये तिथे डेटा संरक्षण कायदा आला. त्यात आरोग्याबरोबर लग्न झालंय की नाही, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, मुलांची नावं हीसुद्धा संवेदनशील माहिती धरली आहे. नवऱ्याचं नाव, संवेदनशील! इथे तर फॉर्मच्या दुसऱ्याच ओळीत ते मागतात आणि आपल्या २०२३ च्या कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच ठेवलेला नाही.